पाल्यावर छत्री धरणाऱ्या काढेबाई

नोकरीला लागून मला जेमतेम आठवडा झाला होता. कंपनीच्या क्वार्टर्सकडून कारखान्याकडे जाणाऱ्या वाटेला लागून सदाफुलीचे वाफे होते. आखीव, लांबच लांब आणि फुलांनी नुसते भरलेले. माझं नवीन लग्न झालेलं. मंदाच्या देवघरात देव होते, पण फुलं नव्हती, आणि फुलांसाठी रोज सकाळी चिंचवडच्या बाजारात सायकल हाणण्याइतकी भक्ती माझ्यात नव्हती. एवढी फुलं इथं कुणी बघतसुद्धा नाही, मग देवानं बघितली तर काय बिघडलं, असा सोयीस्कर विचार करून मी पिशवी घेऊन गेलो आणि एका वाफ्यातली गुलाबी फुलं झाडून सगळी तोडून आणली. देव प्रसन्न, बायको प्रसन्न. तीन-चार दिवस हा उद्योग बिनबोभाट चालला. मग एका सकाळी मी वाकलेलो असतानाच मागून आवाज आला, "कोणत्या देवाला?"

मी दचकून उभा राहिलो. समोर चाळिशीच्या एक बाई. सुती पातळ, त्यावर डागाळलेला पांढरा कोट, पायात पुरुषी कॅनव्हासचे बूट, जाड भिंगांचा चष्मा आणि काखेत काळी छत्री. मी म्हणालो, "गणपतीला."

"गणपतीला लाल लागतं. हे गुलाबी आहे. आणि हे बियाण्याचं आहे. तुम्ही फुलं तोडलीत, आता शेंगा धरायच्या नाहीत. हा वाफा उभा करायला मला तीन हंगाम लागले." हे सगळं त्या वेळापत्रक वाचून दाखवावं तशा सांगत होत्या. मग पलीकडे बोट दाखवून म्हणाल्या, "देवाला पांढरी चालतील. तो वाफा तसाही उपटायचाय. तिथली न्या. कोणत्या खात्यात आहात?"

"स्टोअरला. कदम."

"म्हणजे माझा सगळा पाला आता तुमच्या ताब्यात," त्या म्हणाल्या, आणि ज्या चेहऱ्याने म्हणाल्या तो चेहरा पुढे पंधरा वर्षं मी रोज बघितला.

त्यांना सगळी कंपनी काढेबाई म्हणायची. खरं आडनाव वेगळंच होतं, पण ते फक्त पगाराच्या दिवशी ऐकू यायचं. आमच्या कंपनीत गोळ्या व्हायच्या, मलमं व्हायची, खोकल्याचं औषध व्हायचं, आणि मागच्या बाजूला पत्र्याच्या लांब शेडमध्ये बाईंचं वनस्पती खातं होतं. चाकणच्या बाजूच्या शेतांतून सदाफुलीचा पाला यायचा, तो तिथं वाळायचा, भरडला जायचा, मोठ्या पिंपांत भिजायचा, आणि शेवटी पोतीच्या पोती पाल्यातून काचेच्या बाटलीच्या बुडाशी बसेल एवढा अर्क निघायचा. तो परदेशी जायचा. त्याचं पुढे काय होतं याची आम्हा स्टोअरवाल्यांना फिकीर नव्हती. आमच्या लेखी तो माल होता. येताना ट्रक भरून यायचा आणि जाताना खिशातून जाईल एवढा होऊन जायचा, म्हणजे आमच्या हिशेबाने बाई आतबट्ट्याचा धंदा करत होत्या.

छत्रीचं मला पहिल्या उन्हाळ्यात कळलं. टेम्पोतून पाल्याचे गठ्ठे उतरत होते, ऊन मी म्हणत होतं, आणि बाई छत्री उघडून उभ्या होत्या. स्वतः उन्हात, छत्री पाल्यावर. चिंचवडचे गफूरभाई त्यांच्या टेम्पोतून हा पाला आणायचे. तेच गाडी चालवायचे, तेच ती बोनेट उघडून दुरुस्त करायचे, आणि गाडीपेक्षा बाईंना जास्त भ्यायचे. ते मला हळूच म्हणाले, "कदमसाहेब, घरी आमच्या बेगमवर मी कधी छत्री धरली नाही. इथं पाल्याची बडदास्त बघा."

बाईंनी ऐकलं. म्हणाल्या, "गफूरभाई, तुमच्या बेगमना ऊन लागलं तर त्या तुम्हाला सांगतील. पाला सांगत नाही. सावलीत वाळलेला आणि उन्हात वाळलेला, दिसायला अगदी सारखा. आतलं सगळं गेलेलं असतं, आणि वरून काही कळत नाही."

या वाळवण्यापायी त्यांची वरच्या साहेबांशी कायम जुंपलेली असायची. साहेबांना गरम हवेचा पंखा लावून काम झटपट उरकायचं असायचं. बाई म्हणायच्या, "लावा. मग बाटलीत पाणी भरून पाठवा, फरक काही नाही." साहेब चरफडत जायचे. पंखा आला, बसला, आणि पुढची कैक वर्षं बाईंच्या शेडमधल्या माणसांनी त्यावर डबे ठेवले.

दुसरी त्यांची सवय म्हणजे पाला चाखायची. प्रत्येक खेपेतलं एक पान चिमटीत चुरून जिभेच्या टोकाला लावायचं आणि लगेच थुंकायचं. चेहरा मात्र हलायचा नाही. एकदा चाकणकडचे एक शेतकरी, बबनराव, स्वतः टेम्पोबरोबर आले होते. त्यांनी हे बघितलं आणि न राहवून विचारलं, "बाई, ह्ये आमची शेरडं बी तोंडात धरत न्हाईत. मानसाला कसं काय देता वो?"

"शेरडं खात नाहीत म्हणूनच देतो," बाई म्हणाल्या. "बबनराव, झाड तुमच्या-माझ्यासाठी काही करत नाही. त्याला पळता येत नाही, शिंग मारता येत नाही. म्हणून ते पानात विष करून बसतं. आपण ते चोरतो आणि त्याला औषध म्हणतो. सगळी करामत किती चोरायचं यात आहे."

"व्हय, पर झाडाला ठावं हाय का तुमी चोरताय त्ये?"

बाई पहिल्यांदाच हसल्या असाव्यात. "ते मी विचारलं नाही अजून. विचारते."

आणि तिसरी सवय म्हणजे "बघू." बाईंच्या तोंडून "होईल" हा शब्द कधी कुणी ऐकला नाही. पाऊस पडेल का, बोनस मिळेल का, पोरगं पास होईल का, सगळ्याला एकच उत्तर. मी एकदा मुद्दाम विचारलं, "बाई, उद्या रविवार ना?" त्या क्षणभर थांबल्या आणि म्हणाल्या, "कॅलेंडरमध्ये तसं दिलंय."

रविवारी त्या आमच्याकडे यायच्या. त्यांचं क्वार्टर आमच्यापासून दोन घरं पलीकडे. लग्न केलेलं नव्हतं, का ते कुणी विचारलं नाही, म्हणजे मंदाने विचारलं असेल, पण मला सांगितलं नाही. दोघींची गट्टी कशी जमली हे मला आजही कोडं आहे. एक बाई दिवसाला वीस वाक्यं बोलणारी, आणि आमच्या मंदाची वीस वाक्यं चहाला आधण येईपर्यंत संपलेली असायची. बाई यायच्या, ओट्याशेजारी पाटावर बसायच्या आणि शेंगा सोलायच्या. अंगाला पिंपांतल्या द्रावणाचा उग्र वास असायचा. आमचा अवी रांगायला लागला तेव्हापासून तो त्या वासाकडे सरकत जायचा. बोलायला लागल्यावर तो त्यांना मावशी म्हणू लागला. मी चाचरत एकदा म्हणालो, "बाई म्हण, साहेब आहेत त्या." बाई म्हणाल्या, "कदम, तुम्ही बाई म्हणा. त्याला काय म्हणायचं ते तो बघेल."

अवी सहा वर्षांचा असताना त्याच्या पायांवर निळे डाग दिसायला लागले. मला वाटलं, खेळताना धडपडतो, दोन धपाटेही दिले. मग ताप यायला लागला, हिरड्यांतून रक्त यायला लागलं, आणि पिंपरीच्या डॉक्टरांनी चिठ्ठी देऊन पुण्याला मोठ्या इस्पितळात पाठवलं. तिथे पाठीत सुई घातली, हाडातून काही काढलं, आणि मला नि मंदाला एका खोलीत बसवून सांगितलं, रक्ताचा कॅन्सर आहे. मी नुसता ऐकत होतो. डॉक्टर तरुण होते, समजावून सांगत होते. म्हणाले, "पूर्वी यावर काही नव्हतं. आता एक इंजेक्शन बाहेरून येतं. गंमत म्हणजे ते आपल्या सदाफुलीपासूनच करतात."

मी हसलो. खरंच हसलो, मोठ्याने. डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. मंदा माझ्याकडे बघायला लागली. मी म्हणालो, "त्याची पोती माझ्या स्टोअरला पडलीयेत, साहेब." डॉक्टरांना ते कळलं नाही, आणि त्यांनी मंदाला विचारलं, "यांना पाणी देऊ का?"

संध्याकाळी मी बाईंच्या शेडमध्ये गेलो आणि सांगितलं. त्या पिंपात काठी ढवळत होत्या. काठी बाहेर काढून ठेवली, नळावर गेल्या, हात धुतले, परत साबण लावून धुतले, आणि कोटाला पुसत आल्या. मला वाटलं काही तरी बोलतील. त्या म्हणाल्या, "बघू."

मला त्या वेळी तो शब्द बरा वाटला. सगळे "होईल हो बरा" म्हणत होते, आणि प्रत्येक "होईल"नंतर मी विषय बदलायचो.

इंजेक्शनं सुरू झाली. अवीचे केस गेले. बरोबरच्या गोळ्यांनी तोंड सुजलं आणि भूक खवळली. अवेळी उठून भाकरी मागायचा, मंदा चूल पेटवायची. पण डाग गेले, ताप गेला, आणि काही आठवड्यांनी डॉक्टर म्हणाले की रक्तात आता रोग दिसत नाही. मी सगळ्या कंपनीत पेढे वाटले. गफूरभाईंनी दर्ग्याला चादर चढवली, बबनरावांनी चाकणहून कांद्याचं पोतं पाठवलं, आणि ज्यांनी आजवर वनस्पती खात्याकडे ढुंकून बघितलं नव्हतं ते लोक पाल्याच्या गठ्ठ्याला हात लावून नमस्कार करू लागले. बाईंनी एका फिटरला झापलं, "नमस्कार पुरे. घामाचा हात लागला की पाला काळा पडतो."

त्या औषधाने अवीची बोटं बधिर व्हायची. पेन्सिल हातातून गळायची, शर्टाची बटणं लावता यायची नाहीत. शाळेत पोरं चिडवायची. एका रविवारी बाई त्याचे तिन्ही शर्ट घेऊन गेल्या आणि दुसऱ्या रविवारी परत आणले. वरून बटणं तशीच दिसत होती, पण खाली त्यांनी टिचबटणं शिवली होती. दाबलं की बसलं. अवीने दिवसभर ती उघडली आणि बंद केली, टिचटिच करून घर डोक्यावर घेतलं. बाई मला म्हणाल्या, "ते औषध वाढणाऱ्या पेशीला दोन होताना धरतं. रोगाच्या पेशी सारख्या दोनच होत असतात, म्हणून त्या सापडतात. पण नसांमध्येही त्याचा हात पोचतो. चोराला घरातलं सगळंच दिसतं." मग थोड्या वेळाने, "मी टाके नीट घातलेत. धुताना पिळू नका म्हणावं मंदाला."

वर्ष गेलं, त्यावर आणखी काही महिने गेले. अवी दुसरीत गेला. मग एका सकाळी मंदाने मला हाक मारून त्याच्या दंडावरचा डाग दाखवला. मी डबा घेतला आणि कामावर गेलो, स्टोअर उघडलं, आणि मग परत येऊन त्याला पुण्याला घेऊन गेलो. मधे कामावर कशाला गेलो, ते आजही सांगता येत नाही.

तेच इंजेक्शन पुन्हा दिलं. या वेळी काही झालं नाही. डॉक्टर म्हणाले, रोग औषधाला दाद देत नाही. बाईंना मी विचारलं, तेच औषध, तोच मुलगा, तोच रोग, मग दाद का देत नाही? त्या म्हणाल्या, "बबनरावांना विचारा. पहिल्या वर्षी फवारा मारला की कीड मरते. पण चार उरतात. पुढच्या वर्षी शेतात त्या चारांचीच पिल्लं असतात. त्यांना फवारा म्हणजे पाऊस. पेशीही तशाच. औषध आत आलेलं त्या बहुतेक बाहेर टाकतात. कसं, ते अजून कुणाला नीट कळलेलं नाही."

"मग दुसरं झाड?"

त्या म्हणाल्या, "शोधतायत लोक."

ते लोक म्हणजे बाई स्वतः, हे मला नाकाने कळलं. भीमाशंकरच्या रानात नरक्या नावाचं एक झाड होतं. नावातच नरक आहे, फुलांचा वास तसाच. गफूरभाई टेम्पोतून त्याची साल आणि खोडं घेऊन आले, तेव्हा नाकाला रुमाल बांधून आले. "बाईसाहेब, हे झाड काय मेलेल्या म्हशीवर उगवतं का?" पण पुढच्या खेपेला न सांगता जास्त घेऊन आले. कामाची वेळ संपल्यावर बाई ते भिजत घालायच्या. शेडमधल्या माणसांनी तक्रार केली, वरच्या साहेबांनी विचारणा केली, बाई म्हणाल्या, "पंखा लावा. आता उपयोगाचा आहे." त्यांनी अर्क काढला, पुण्याच्या एका प्रयोगशाळेत ओळखीने पाठवला. तिथे उंदरांना रक्ताचा रोग देऊन त्यांच्यावर औषधं तपासायचे. निरोप आला की नरक्याचे उंदीर बाकीच्या उंदरांपेक्षा पुष्कळ जास्त जगले.

मी तो निरोप ऐकला आणि माझ्या डोक्यात दुसरं काही राहिलं नाही. बाईंनी पुढचंही सांगितलं होतं. परदेशात हेच औषध माणसांना देऊन बघितलं होतं, काहींना लघवीतून रक्त गेलं, आग होऊन तळमळले, आणि डॉक्टरांनी ते थांबवलं. हे माझ्या कानावर पडलं होतं, पण माझ्या लेखी ती परदेशातली माणसं होती.

इकडे इस्पितळात दुसरी औषधं चालू होती. त्यांनी अवीला इतक्या उलट्या व्हायच्या की मंदा त्याचं डोकं मांडीवर धरून नुसती बसून असायची. शेवटी डॉक्टरांनी मला बाहेर बोलावून सांगितलं की आता घरी न्या. आम्ही टॅक्सीने आलो. वाटेत दापोडीला अवी म्हणाला, "बाबा, आता सुई नाही ना?" मी म्हणालो, "नाही."

आणि दोन दिवसांनी मी बाईंकडे गेलो.

त्या एकट्याच होत्या. बाटल्या धूत होत्या. मी म्हणालो, "बाई, नरक्याचा अर्क द्या." त्यांनी वर बघितलं नाही. मी म्हणालो, "लिहून देतो. जे होईल ते माझ्यावर. कंपनीचं नाव नाही, तुमचं नाव नाही. तोंडाने देऊ, थोडा देऊ, तुम्ही म्हणाल तेवढा." त्या बाटली विसळत राहिल्या. मी म्हणालो, "उंदीर जगले ना?"

"जगले."

"मग?"

"नाही, कदम."

मी "बघू"ची वाट बघत होतो. एवढी वर्षं ज्या शब्दाची मी टिंगल केली, तो एकदा म्हणाल्या असत्या तर मी तिथेच खाली बसलो असतो. मी नको नको ते बोललो. तुम्हाला मूल असतं तर कळलं असतं, म्हणालो. तुम्हाला पाल्यावर छत्री धरता येते, माणसावर नाही, म्हणालो. त्यांनी शेवटची बाटली उपडी घातली, हात पुसले आणि म्हणाल्या, "झालं असेल तर घरी जा. तो एकटा आहे." तो एकटा नव्हता, मंदा होती. पण मी गेलो.

अवी त्यानंतर थोडे दिवस होता. घरात होता, मंदाच्या कुशीत. एका दुपारी गेला. त्या दुपारचं मला फारसं आठवत नाही. क्वार्टर्सच्या चौकात कुणीतरी सायकल पाडली होती आणि तिचं चाक फिरत होतं, एवढं दिसतं. बाई आल्या होत्या असं नंतर कळलं. गफूरभाईंनी टेम्पो आणला होता. मी कामावर परत कधी गेलो ते हजेरीबुकालाच माहीत. लोक म्हणायचे, कदम सावरला. मी पोती मोजत होतो, सह्या करत होतो, विनोदसुद्धा करत होतो, कारण माझ्याकडून लोकांची तीच अपेक्षा होती. वरून काही कळायचं नाही असा सगळा कारभार होता.

बाईंशी मी कामापुरतं बोलू लागलो. "माल आला." "उतरवा." "सही करा." एवढंच. रविवारी त्या यायच्या तशाच येत राहिल्या. मी चपला घालून पेपर आणायला म्हणून चिंचवडपर्यंत चालत जायचो आणि त्या गेल्या असतील असा अंदाज बांधून परतायचो. ओट्यावर सोललेल्या शेंगांची टरफलं असायची. बाई नरक्या आणवत राहिल्या, भिजत घालत राहिल्या, पुण्याला पाठवत राहिल्या. शेडमध्ये तो वास आला की मी स्टोअरची खिडकी लावून घ्यायचो. गफूरभाई एकदा माझ्याजवळ बिडी पेटवून बसले आणि म्हणाले, "साहेब, बाईसाहेबांशी बोला हो. त्यापण आतून खलास झाल्यात." मी म्हणालो, "टेम्पोची ताडपत्री फाटलीये, ती आधी शिवा."

मग ते खातं बंद झालं. दक्षिणेत सदाफुलीची शेती वाढली होती, तिकडचा पाला स्वस्त पडत होता, अर्कही तिकडेच निघू लागला. शेडमध्ये मलमाच्या नळ्या भरायचं यंत्र यायचं ठरलं. बाईंना गोळ्यांच्या खात्यात खुर्ची देत होते. त्यांनी घेतली नाही. मिरजेला भाऊ होता, त्याच्याकडे निघाल्या. कंपनीने शाल दिली, श्रीफळ दिलं, आणि वरच्या साहेबांनी भाषणात त्यांना कंपनीच्या कुटुंबाचा आधारस्तंभ म्हटलं. बाईंना बोलायचा आग्रह झाला. उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "शेडचा पत्रा पश्चिमेकडून गळतो. यंत्र तिकडे ठेवू नका." आणि बसल्या.

मंदा म्हणाली, स्टेशनवर सोडायला जायचंय. मी म्हणालो, जा. ती म्हणाली, दोघांनी. तिने तसं म्हटल्यावर मी सहसा वाद घालत नाही, त्या दिवशीही घातला नाही. चिंचवड स्टेशनवर आम्ही तिघं उभे होतो. एक ट्रंक, एक वळकटी आणि छत्री. गफूरभाई सामान ठेवून बाजूला तोंड फिरवून उभे. मला वाटत होतं, आता काही तरी बोलायला हवं. बाई माझ्याकडे बघून म्हणाल्या, "कदम, स्टोअरमधली पोती भिंतीला चिकटवून ठेवता तुम्ही. ओल धरते. वीतभर जागा सोडत जा." मी म्हणालो, "सोडतो." मंदाचा हात त्यांनी हातात घेतला आणि गाडी येईपर्यंत सोडला नाही. मंदा एवढा वेळ गप्प राहिलेली मी तेव्हाच पाहिली. गाडी आली, थांबली, गेली.

घरी आलो. मी कोट काढून खुंटीला अडकवला. मंदा पाणी न पिता, बाहेरचं पातळ न बदलता पाटावर बसली. म्हणाली, "अहो, एक सांगायचंय. त्या इथं होत्या तोवर सांगायचं नाही, असं त्यांनी वचन घेतलं होतं."

मी म्हणालो, "काय?"

"अवीला घरी आणलं त्याच्या दुसऱ्या दिवशी मी त्यांच्याकडे गेले होते. तुम्ही मागायला जाणार, हे मला तुमच्या तोंडावर दिसत होतं. बाईंनी नरक्याची बाटली काढून ठेवली होती. किती थेंब द्यायचे ते ठरवत बसल्या होत्या. त्या देणार होत्या, अहो. मीच म्हटलं, नको. परदेशातल्या त्या लोकांना रक्त गेलं म्हणता, आग होते म्हणता, मग माझ्या पोराला नको. त्याला आता माझ्याजवळ नुसतं झोपू द्या. मग त्यांनी बाटली परत कपाटात ठेवली. मी म्हटलं, मी यांना सांगते मीच नको म्हणाले म्हणून. तर म्हणाल्या, मंदा, तू काही सांगू नकोस. कदम येऊ दे माझ्याकडे, मी नाही म्हणते. त्यांना कुणावर तरी रागवावं लागेल. माझ्यावर रागावले तर मी दोन घरं पलीकडे राहते. तुझ्यावर रागावले, तर तुम्हाला एकाच घरात राहायचंय."